आम्लपित्ताची गोळी: सुरू करण्यापासून थांबवण्यापर्यंत

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ५४, कापडाचं दुकान, दिवसभर बैठं काम. म्हणाले, "डॉक्टर, नऊ वर्षं गोळी चालू आहे, तरी पित्त जात नाही." मी विचारलं, कधी घेता? "रात्री जेवण झालं की झोपताना. एक दिवस चुकवलेली नाही." नऊ वर्षं इमानेइतबारे गोळी घेतली होती, आणि जवळजवळ सगळी चुकीच्या वेळी. मला फार वाईट वाटलं, कारण त्या नऊ वर्षांत ते तीनदा माझ्याकडेही येऊन गेले होते आणि हा प्रश्न मीही विचारला नव्हता.

त्यांना औषध बदलून दिलं नाही. तीच गोळी, त्याच ताकदीची, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली आणि रात्रीचं जेवण दहावरून साडेआठवर आणायला लावलं. पंधरा दिवसांनी जळजळ निम्म्याहून कमी होती. तेव्हापासून प्रत्येक ॲसिडिटीच्या पेशंटला मी एकाच क्रमाने प्रश्न विचारतो. तोच क्रम इथे लिहितो आहे.

पहिली पायरी: ‘पित्त’ हा शब्द बाजूला ठेवा आणि नेमकं काय होतं ते सांगा

आपल्या भाषेत पित्त हा एक शब्द किती आजारांना पुरतो बघा. छातीत जळजळतं ते पित्त. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही आणि उलटी झाली की उतरतं, तेही पित्त. हे बहुतेक वेळा मायग्रेन असतं. अंगावर गांधी उठतात ते पित्त, ती ॲलर्जी. उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जाते, तेव्हा पित्ताशयातल्या खड्यांचा विचार करावा लागतो. चार घासांत पोट गच्च होतं, ते अपचन. या सगळ्यांना मेडिकलमधून एकच गोळी आणली जाते, आणि मग "मला ही गोळी लागू पडत नाही" असं वाटतं. मायग्रेनला ती लागू पडणार नाहीच.

या लेखातला आजार वेगळा आहे. जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतं, इंग्रजीत त्याला रिफ्लक्स म्हणतात. त्याच्या दोन मुख्य खुणा आहेत: छातीच्या मधल्या हाडामागे वर चढणारी जळजळ, आणि आंबट-कडू पाणी घशाशी येणं. जेवणानंतर, वाकून काम करताना किंवा आडवं झाल्यावर ती वाढते. अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात तिथे स्नायूचं एक कडं असतं, झडपेसारखं. ते अवेळी सैल पडतं, किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकतो (याला हायटस हर्निया म्हणतात), आणि आम्ल वर येतं. बऱ्याच पेशंटांमध्ये आम्ल तयार होण्याचं प्रमाण नेहमीइतकंच असतं. ते नको त्या जागी पोहोचतं, हा खरा त्रास. हे लक्षात ठेवा, कारण पुढे काही लोकांना नुसती आम्ल कमी करणारी गोळी का पुरत नाही, ते यातूनच कळतं.

आजार दुर्मीळ नाही. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरोलॉजीच्या कृती गटाने २०११ साली देशातल्या ३,२२४ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ७.६ टक्के लोकांना आठवड्यातून किमान एकदा हा त्रास होत होता.

दुसरी पायरी: गोळीआधी धोक्याच्या खुणा तपासा

घास अडकतो. वजन आपोआप उतरतंय. शौच डांबरासारखी काळी होते. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतं. हिमोग्लोबिन कमी आलंय आणि कारण सापडत नाही. पन्नाशीच्या पुढे हा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालाय. यांतलं एकही असेल तर घरी प्रयोग करत बसू नका, दुर्बिणीची तपासणी आधी.

आणि एक गोष्ट मी दर पेशंटला सांगतो, त्यांना कंटाळा आला तरी सांगतो. छातीत दाबल्यासारखं होतंय, दरदरून घाम सुटलाय, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात जातंय, जिना चढताना येतं आणि थांबलं की जातं, तर तो गॅस समजून सोड्याची पुडी पिऊन वाट बघू नका. ताबडतोब ईसीजी काढा, नाहीतर १०८ ला फोन करा. मधुमेह असणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्यात नुसतीच मळमळ आणि अस्वस्थपणा येऊ शकतो. "रात्री पित्त झालं होतं, सकाळी गेले" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. ईसीजी साधा निघाला तर कोणी तुम्हाला हसणार नाही.

तिसरी पायरी: ज्या सवयी बदलून खरंच फरक पडतो, त्याच बदला

पेशंटच्या हातात वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी देणं मला पटत नाही. आठ दिवस पाळली जाते आणि नवव्या दिवशी सगळंच सुटतं. त्याऐवजी एक आठवडा वहीत तीन रकाने करा: किती वाजता काय खाल्लं, किती वाजता आडवे झालात, जळजळ केव्हा झाली. तुमचा शत्रू त्यातच सापडेल. कोणाला तर्रीची मिसळ सोसते आणि दुपारचा तिसरा चहा सोसत नाही. कोकम सरबताने बरं वाटत असेल तर प्या. मात्र ते आंबट आहे, आणि तुम्हाला त्याने जळजळत असेल तर पित्तशामक म्हणून ओढूनताणून पिऊ नका. थंड दूध घटकाभर शांत करतं, याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

सगळ्यांनाच उपयोगी पडतं ते रात्रीचं जेवण आणि झोप यांतलं अंतर. निदान तीन तास हवेत. भरल्या पोटी आडवं झालं की झडपेवर ताण येतो आणि आम्लाला उतारही मिळत नाही. शेतावरून किंवा दुकानातून उशिरा येणाऱ्यांनी संध्याकाळी सहा-सातला भाकरी-भाजी खावी आणि रात्री फक्त ताक-भात घ्यावा. हे जमतं, मी जमवून घेतलेलं पाहिलंय.

रात्री घशाशी येत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे लावा, १५ ते २० सेंटिमीटर. दोन-तीन उशा घेऊन हे साधत नाही. मान तेवढी वर जाते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, आम्ल खालीच साठतं.

वजन जास्त असेल, विशेषतः पोटाचा घेर, तर तो उतरवण्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही. चार-पाच किलो उतरल्यावर गोळी सुटलेले पेशंट माझ्याकडे आहेत.

तंबाखूबद्दल विचारलं की बायका "मी खात नाही" म्हणतात आणि ते खरंच असतं; पण मशेरी लावतात. सकाळी उठल्यावर लावतात, दुपारी काम आटोपल्यावर लावतात. तंबाखू भाजून केलेली मशेरी तंबाखूच आहे, निकोटिन रक्तात जातंच आणि झडप सैल पडते. म्हणून प्रश्न नेमका विचारावा लागतो, आणि घरच्यांनी तो चारचौघांत विचारू नये.

उपवासाचं थोडक्यात. दिवसभर काही नाही आणि मग शेंगदाण्याचा कूट घातलेली तुपकट साबुदाण्याची खिचडी पोटभर, हा बेत रिफ्लक्सच्या माणसाला अजिबात मानवत नाही. फराळ दोन-तीन वेळा विभागून करा. गोळी चालू असेल तर उपवासाच्या दिवशी पहिल्या फराळाच्या अर्धा तास आधी घ्या.

घशात बोटं घालून "पित्त पाडण्याची" सवय मात्र आजच सोडा. जे आम्ल अन्ननलिकेत येऊ नये म्हणून सगळी धडपड चालली आहे, तेच आपण जोर लावून वर आणतो. दातांवरचं आवरणही त्याने झिजतं.

चौथी पायरी: गोळी घ्यायचीच तर नीट घ्या

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही एकाच घराण्यातली औषधं, पीपीआय म्हणून ओळखली जातात. ओमेप्राझोल १९८८ साली युरोपात बाजारात आलं आणि अन्ननलिकेच्या जखमांचं चित्र पालटलं. आठ आठवडे नीट घेतलं तर बहुसंख्य पेशंटांच्या जखमा भरतात. हे औषध सुट्टं आम्ल मारत नाही. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे बारीक पंप असतात, ते पंप बंद करतं. पण फक्त चालू असलेले पंप. अन्न आलं की पंप जागे होतात. त्या वेळी औषध रक्तात पोहोचलेलं हवं, आणि रक्तात ते जेमतेम एक-दोन तासच टिकतं. रात्री जेवून, पंप निवत असताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते, ती अशी.

म्हणून: सकाळी तोंड धुतलं की अनशापोटी पाण्याबरोबर गोळी, त्यानंतर अर्धा ते एक तासाने नाश्ता. दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं म्हणजे खाणंच झालं, ती गोळीआधी नकोत. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गोळी सहाला घेतली, मग कोरा चहा आणि थेट एक वाजता जेवण, असं झालं तर औषध येऊन गेलं आणि पंप नंतर जागे झाले. नाश्ता करत नसाल तर दुपारच्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. त्रास मुख्यतः रात्री होत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणाआधी. गोळी चावू नका, फोडू नका. तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून तिला वाचवतं.

पहिल्याच दिवशी पूर्ण गुण येत नाही, तीन ते पाच दिवस लागतात. "परवा एक घेतली, काही फरक नाही" म्हणून ब्रँड बदलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तत्काळ आरामासाठी पातळ अँटासिड किंवा अल्जिनेट असलेलं औषध वेगळं असतं. सोड्याच्या पुड्यांत सोडियम भरपूर असतं, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी त्या रोज घेऊ नयेत.

आता आपल्याकडच्या चिठ्ठ्यांमधली एक सवय, जी मला मनापासून खटकते. साध्या पीपीआयऐवजी डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध जोडलेली कॅप्सूल सर्रास दिली जाते, ४० मिलिग्रॅम पॅन्टोप्राझोल आणि ३० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन. मळमळ आणि पोटफुगी असेल तर चार-आठ दिवस ठीक आहे. पण डॉम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्याचा वापर दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि साधारण आठवडाभर इतकाच मर्यादित केला. आपल्याकडे तीच कॅप्सूल वर्षानुवर्षं चालू असते. लेवोसल्पिराइड जोडलेल्या गोळ्यांची मला जास्त काळजी वाटते. वयस्कर माणसाचा हात थरथरायला लागतो, चाल मंदावते, सगळे म्हातारपणाला दोष देतात आणि कारण पित्ताच्या गोळीत असतं. पाळी चुकणं, स्तनातून पाणी येणं हेही होऊ शकतं. आज आपली स्ट्रिप पालथी करून त्यावर दोन औषधांची नावं आहेत का ते बघा. असतील तर दुसरं कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा.

घरात रॅनिटिडिन या आम्ल कमी करणाऱ्या जुन्या औषधाची पाकिटं असतील, तर ते औषध सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून काढलं गेलं आहे. काही नमुन्यांत एनडीएमए हा कर्करोगाशी जोडलेला घटक सापडल्याने अमेरिकेने एप्रिल २०२० मध्येच ते बाजारातून मागे घ्यायला लावलं होतं.

पाचवी पायरी: स्ट्रिपवर तारीख लिहा

पहिल्या स्ट्रिपच्या मागे पेनाने सुरुवातीची तारीख लिहा आणि आठ आठवड्यांनंतरची तारीखही लिहा. छातीत जळजळ आणि घशाशी येणं ही नेहमीची लक्षणं असतील, धोक्याची खूण नसेल, तर दिवसाला एक गोळी, आठ आठवडे, आणि मग थांबवून बघणं, असा हा उपचार आहे. प्रत्यक्षात पहिला भाग होतो, दुसरा राहून जातो. गुडघेदुखीच्या गोळ्यांसोबत संरक्षण म्हणून दिलेली पीपीआय, गुडघेदुखीची गोळी बंद होऊन दोन वर्षं झाली तरी चालूच असलेली मी दर आठवड्याला पाहतो.

थांबवताना काय होतं ते आधी माहीत असावं. २००९ साली डेन्मार्कमध्ये झालेल्या एका चाचणीत १२० निरोगी माणसं घेतली होती, ज्यांना ॲसिडिटीचा त्रासच नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. औषध थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत औषधवाल्या गटातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. दाबून ठेवलेली आम्लाची यंत्रणा काही आठवडे उसळी मारते. नेमकी त्याच वेळी माणसं म्हणतात, "बघा, गोळीशिवाय मला जमतच नाही," आणि पुन्हा सुरू करतात.

ही उसळी ओलांडायला मी असं सांगतो: ४० ची गोळी दोन आठवडे २० वर आणा, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. एकदम थांबवली तरी अपाय होत नाही, पण हळूहळू कमी केलेली माणसं जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे. मधल्या काळात अँटासिडची बाटली घरात ठेवा. लग्नसराई, दिवाळी किंवा गावची जत्रा तोंडावर असताना हा प्रयोग सुरू करू नका.

चार-सहा आठवड्यांनंतरही त्रास परत येतच असेल, तर तो खरा आजार. अशा वेळी ज्या लहानात लहान मात्रेवर बरं वाटतं ती घ्यावी, किंवा लागेल तेव्हा दोन-तीन आठवड्यांचा कोर्स करावा. यात कमीपणा नाही. पण एकदा दुर्बिणीची तपासणी करून घ्या, आणि शक्य असेल तर गोळी दोन ते चार आठवडे बंद असताना. गोळी चालू असली तर जखमा भरलेल्या असतात आणि अहवाल कोरा येतो.

गोळी बंद करू नये असे लोक

अहवालात अन्ननलिकेच्या जखमांची प्रत ए, बी, सी, डी अशी लिहितात. सी किंवा डी असेल, अन्ननलिका अरुंद झाली असेल, किंवा बॅरेट हा अन्ननलिकेच्या अस्तरातला बदल असेल, तर गोळी दीर्घकाळ लागते. पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तरीही. हा लेख वाचून यांनी काही थांबवू नये. ‘लॅक्स एलईएस’ (झडप सैल दिसणं) आणि ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या खालच्या भागाची सूज) हे शब्द आपल्याकडच्या पुष्कळ अहवालांत असतात, ते वाचून घाबरू नका आणि नुसत्या त्या शब्दांवर आयुष्यभराची गोळीही स्वीकारू नका.

या गोळ्यांनी किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, विस्मरण होतं, असे संदेश फोनवर फिरतात. त्यामागचे अभ्यास बहुतेक निरीक्षणाचे आहेत. आजारी माणसं मुळातच या गोळ्या जास्त घेतात, त्यामुळे कारण आणि योगायोग वेगळे काढणं कठीण जातं. २०१९ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १७,५९८ लोकांना पॅन्टोप्राझोल किंवा खोटी गोळी देऊन सुमारे तीन वर्षं पाहिलं. आतड्यांचे संसर्ग १.० टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर गेले. न्यूमोनिया, अस्थिभंग, किडनीचा जुना आजार, स्मृतिभ्रंश यांत ठोस फरक दिसला नाही. गरज असेल त्याने निर्धास्त घ्यावी, एवढा धीर यातून नक्की मिळतो. शाकाहारी असाल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू असेल तर वर्षातून एकदा बी-१२ तपासा. थायरॉइडची गोळीही अनशापोटीच असते, तेव्हा दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून लावून घ्या. स्टेंट बसवलेल्यांना क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, पॅन्टोप्राझोल चालतं.

सहावी पायरी: नीट घेऊनही गुण नसेल तर

दुप्पट मात्रा, तिप्पट मात्रा, नवा ब्रँड, ही वाट संपत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाने माझी पद्धत बदलली. पीपीआय लागू पडत नाही असे ३६६ पेशंट त्यात घेतले होते. आधी दोन आठवडे त्यांना ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काटेकोरपणे दिलं. ४२ जणांना तेवढ्यानेच आराम पडला. पुढे तपासण्या केल्यावर ९९ जणांना रिफ्लक्स नव्हताच. त्यांची अन्ननलिका साधी होती, तिची संवेदना तीव्र झाली होती. असा त्रास आम्ल कमी करून जात नाही, मज्जातंतूंवर काम करणाऱ्या औषधांनी आणि ताण हाताळण्याने कमी होतो. सगळ्या चाळण्यांतून खरा, हट्टी रिफ्लक्स असलेले ७८ जण उरले. त्यांच्यात शस्त्रक्रियेने ६७ टक्क्यांना गुण आला, औषधं वाढवून २८ टक्क्यांना.

म्हणजे शस्त्रक्रिया चांगली आहे, पण निवडलेल्या माणसाला. त्या निवडीसाठी अन्ननलिकेत २४ तास बारीक नळी ठेवून आम्ल मोजतात आणि स्नायूंचा दाब तपासतात. या सोयी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आहेत, तालुक्याला नाहीत. जाण्यापूर्वी दोन्ही तपासण्या तिथे होतात का हे फोनवर विचारा, आणि कोणती औषधं किती दिवस आधी बंद करायची तेही. गोळ्या उत्तम लागू पडणाऱ्याने शस्त्रक्रियेची घाई करण्याचं कारण नाही: पाच वर्षांच्या एका युरोपीय तुलनेत गोळीवर ९२ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ८५ टक्के लोक बरे होते. वोनोप्राझान हे आम्ल कमी करणारं नवं औषध जपानमध्ये २०१४ साली मंजूर झालं आणि आता आपल्याकडेही मिळतं. त्याला जेवणाच्या वेळेचं बंधन नाही. तरी तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय त्याकडे वळू नका.

तज्ज्ञांकडे जाताना आठवड्याची ती वही, तारखा लिहिलेल्या स्ट्रिपा, आणि घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, हाडांची आठवड्याची गोळी, लोहाच्या गोळ्या, कधीमधी घेतलेली दुखण्याची गोळी, सगळं. कापडाच्या दुकानवाले ते गृहस्थ दुसऱ्या खेपेला अशी पिशवी घेऊन आले, तेव्हा तळाशी मला डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीचं अर्धं रिकामं पाकीट सापडलं. कंबर दुखली की ते स्वतःच आणून घेत होते. ती थांबवली आणि तीन महिन्यांत ४० ची गोळी २० वर आली.